नेम सुटतोय कुठे?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. यंदा तिला शालेय स्पर्धेत 10 मीटर एअर रायफलच्या ओपन साईट गटात उतरायचं आहे. ओळखीतल्या एकाकडून नळी मोडून भरायची, स्प्रिंगची जुनी रायफल घेतली. गच्चीवर टेप लावून अंतर मोजलं. टेबलावर ज्वारीचं पोतं ठेवून त्यावर रायफल घट्ट दाबून धरतो, तरी निशाणा बसूनच नाही राहिला. एक छर्रा वर जातो, दुसरा खाली. प्रत्येक छऱ्यानंतर मागची साईट फिरवून पाहतो. सकाळी जमल्यासारखं वाटतं, संध्याकाळी सगळे छर्रे एका बाजूला. मधूनच धूर येतो आणि आवाज मोठा होतो. दर रविवारी नळीत शिलाई मशीनचं तेल न चुकता सोडतो. रायफलच वाकडी आहे का?
— एक पालक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : रायफल वाकडी असेलही, पण तुमच्या पत्रात तिच्याविरुद्ध पुरावा फारसा नाही. तुमच्याविरुद्ध मात्र बराच आहे. रागावू नका, पत्र इतकं तपशीलवार लिहिलंत म्हणूनच हे सांगता येतंय.

सगळ्यात आधी साईट फिरवणं थांबवा. छर्रे एकमेकांपासून किती पसरतात ही एक गोष्ट, आणि तो सगळा पुंजका कागदावर कुठे पडतो ही दुसरी. साईटच्या हातात फक्त दुसरी आहे. पसरणारे छर्रे साईट फिरवून जवळ येत नाहीत. उलट प्रत्येक छऱ्यानंतर स्क्रू फिरवला, की रायफलच्या चुकीत आपली चूक मिसळते आणि कोणती कोणाची हे देवालाही सांगता येत नाही. म्हणून नेम एकाच जागी धरायचा, पाच छर्रे मारायचे आणि ते कुठेही लागोत, साईटला हात लावायचा नाही. मग कागद बदलून पुन्हा पाच, आणि आणखी एकदा पाच. एनसीसीत .22 रायफल हाती घेतलेल्या कुणालाही विचारा, तिथे आधी ‘ग्रुपिंग’, म्हणजे छर्रे एकाच पुंजक्यात आणणं, आणि मग बाकीचं. 10 मीटरच्या लक्ष्यावरचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा असतो आणि मधला 10 गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तुमच्या रायफलकडून त्या ठिपक्याची अपेक्षा धरू नका. टेकून मारलेले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, मग तो पुंजका कागदावर कुठेही असो, तर रायफल ठणठणीत आहे आणि आता साईट फिरवायला हरकत नाही.

याचं सर्वांत देखणं उदाहरण बीजिंग ऑलिंपिकचं आहे. 11 ऑगस्ट 2008 ला अंतिम फेरीच्या आधी अभिनव बिंद्रानं साईट जुळवून पाहण्यासाठी पहिला शॉट मारला, तर तो थेट 4 च्या कड्यात. आपली रायफल कुठे मारते हे त्याला पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे त्यानं स्वतःच्या हातावर शंका घेतली नाही. साईट हलली आहे हे ओळखून त्यानं ती भराभर जागेवर आणली आणि गुणांचा पहिला शॉट 10.7 मारला. पुढचं सुवर्णपदक सगळ्यांना माहीत आहे. स्वतःचा ग्रुप पक्का नसता तर त्या 4 चा अर्थ लावताना त्याचा अर्धा वेळ गेला असता. मुलीला आज जे शिकायचं आहे ते हेच, आणि ते पुसदच्या गच्चीवरही शिकता येतं.

आता तुमचं पोतं. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टनला पुढे ढकलते, त्यापुढची हवा दाबली जाते आणि त्या हवेनं छर्रा निघतो. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे सरकते. पिस्टन टोकाला पोचून हवेच्या गादीवर आदळला, की तीच रायफल पुढे हिसका घेते. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतं आणि छर्रा तेवढ्यात नळीतून बाहेर पडायचा असतो. म्हणजे छर्रा निघतो तो स्थिर रायफलीतून नव्हे, थरथरणाऱ्या रायफलीतून. ही थरथर प्रत्येक वेळी सारखी असली तर छर्रे एकाच ठिकाणी पडतात. तुम्ही मात्र तिला पोत्यात दाबून धरता. पोतं एकदा इकडे दबतं, एकदा तिकडे, हाताचा जोर कधी कमी तर कधी जास्त, आणि थरथर दरवेळी वेगळ्या दिशेनं फुटते. बारा बोअरची बंदूक घट्ट धरायची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. पोतं ठेवाच, पण त्यावर आपला डावा हात उताणा ठेवा आणि रायफलचं लाकूड त्या उघड्या तळव्यावर नुसतं विसावू द्या. बोटांनी पकडायचं नाही. दस्ता खांद्याला हलकेच टेकवा, गाल दरवेळी लाकडावर त्याच जागी. रायफलीला जसं उडायचं तसं उडू द्या. तळवा चाप-संरक्षक कडीच्या थोडा पुढे ठेवून एक ग्रुप मारा, मग दोन इंच पुढे सरकवून दुसरा. एक जागा अशी सापडेल, जिथे ही रायफल शांत होते. तिथे लाकडावर खडूनं खूण करून ठेवा.

धूर आणि मोठा आवाज हे तुमच्या रविवारच्या तेलाचं काम. पिस्टन हवा इतक्या झपाट्यानं दाबतो, की ती क्षणभर शेकडो अंश तापते. तिथे खनिज तेलाचा थेंब पोचला तर तो पेटतो, आणि छऱ्याला हवेबरोबर या भडक्याचाही धक्का बसतो. एखादा छर्रा जोरात जातो, पुढचा मंद. आकड्यांत सांगायचं तर सेकंदाला 170 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटरवर पोचेपर्यंत सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो आणि 200 मीटर वेगाचा सुमारे 12. लक्ष्यावर एक कडं दुसऱ्यापासून अडीच मिलिमीटर दूर असतं, म्हणजे तेलाच्या एका थेंबानं दोन गुण वर-खाली. ‘एक छर्रा वर, दुसरा खाली’ याचं निम्मं उत्तर इथेच असावं. भडका मोठा झाला तर सील जळतं, स्प्रिंगही तुटते. ही तेल घालायची रीत आली तीही काही उगाच नव्हे. पूर्वीच्या बंदुकांत पिस्टनला चामड्याचा वॉशर असे आणि तो वाळू नये म्हणून त्याला अधूनमधून तेल पाजावं लागे. आता बहुतेकांत सिंथेटिक सील असतं. तुमच्या रायफलीत काय आहे हे दुरुस्ती करणाऱ्याकडून एकदा उघडून बघून घ्या, आणि तोवर शिलाई मशीनचं तेल शिलाई मशीनलाच घाला. नळीत साचलेलं तेल सुती चिंधी दोऱ्यानं भरण्याच्या बाजूनं ओढून पुसून काढा. त्यानंतरचे पहिले दहा-वीस छर्रे हिशेबात धरू नका.

सकाळ-संध्याकाळचा फरक उन्हाचा. एका बाजूनं ऊन पडलं की पुढच्या साईटची, म्हणजे माशीची, तेवढी कड चकाकते. डोळा ती कड सोडून देतो आणि उरलेल्या काळ्या भागालाच माशी समजतो. मग तो तुकडा मागच्या साईटच्या खाचेच्या मधोमध आणला, की नळी प्रत्यक्षात बाजूला सरकलेली असते. ऊन दुसऱ्या बाजूला गेलं की चूकही तिकडे. सावलीत, शक्यतो व्हरांड्यातून मारा आणि लक्ष्यावर उजेड एकसारखा पडेल असं पाहा. माशी काळी करायची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. रिकाम्या रायफलची माशी जळत्या कापराच्या धुरावर क्षणभर धरली, की तिच्यावर मखमलीसारखी दाट, न चमकणारी काजळी बसते. बोट लावू नका, लगेच पुसली जाते. माशीवर लाल-हिरवा फायबरचा ठिपका असेल तर मात्र ज्योत जवळ नेऊ नका, तो वितळेल. हे काम मोठ्यानं करायचं, मुलीनं नाही.

एवढं केल्यावरही ग्रुप फुटत असेल तर स्क्रू ड्रायव्हर घ्या. लाकडाच्या दोन्ही बाजूंचे पुढचे स्क्रू आणि चापाच्या कडीचे स्क्रू या थरथरीनं ढिले होत राहतात. स्प्रिंगच्या रायफलीत ही नित्याची गोष्ट आहे, दर आठवड्याला बघावी लागते. आवळा, पण लाकूड चेपेल इतकं नाही. मग नळी. रायफल न ताणता, रिकामी असताना नळीचं टोक धरून आडवं हलवा. जरासुद्धा खडखड जाणवली तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे, आणि अशी नळी दर वेळी थोड्या वेगळ्या जागी बंद होते. त्याच सांध्यावर एक रबरी वॉशर असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी सांध्यावर सैल ठेवा आणि छर्रा घालून, लक्ष्याकडेच, मारा. पट्टी फडफडली तर तिथून हवा निसटते आहे. वॉशर स्वस्तात मिळतो, बदलून टाका. छर्रा न घालता नुसतीच रायफल उडवू नका. पिस्टनला अडवायला पुढे हवेची गादी राहत नाही आणि तो धाडकन आदळतो.

छऱ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो : सुटे आणलेत का, पाकिटातले? छऱ्याचा मागचा भाग घागऱ्यासारखा पातळ असतो आणि शिसं मऊ. पाकिटात एकमेकांवर आपटून तो चेपला, की छर्रा नळीत नीट बसत नाही. काचेच्या तुकड्याला किंचित उतार देऊन त्यावरून छर्रे एकेक सोडा. चांगला छर्रा एका ठरावीक वळणानं घरंगळतो, चेपलेला भलतीकडे जातो. तो बाजूला काढा. 10 मीटरच्या कागदावर सपाट डोक्याचेच छर्रे घ्या, ते गोल, स्वच्छ भोक पाडतात आणि गुण मोजायला वाद होत नाही. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे दिसतात, ती छऱ्याच्या डोक्याची मापं. कोणतं माप तुमच्या नळीला मानवतं हे कागदच सांगेल. दोन-तीन प्रकारचे डबे आणून प्रत्येकाचे ग्रुप मारा आणि जो जवळ पडतो तोच वर्षभर वापरा. शिसं हाताळल्यावर मुलीनं हात धुतल्याशिवाय खायला बसायचं नाही, हे मात्र घरात कडक ठेवा.

कागद वाचायलाही शिका. छर्रे उभ्या रेषेत पसरले तर वेग बदलतोय, नाहीतर श्वास. आडव्या रेषेत पसरले तर चापाचा हिसका, उजेड किंवा सैल बिजागरी. कागदभर विखुरले तर स्क्रू किंवा छर्रे. आणि दोन वेगळेच छोटे पुंजके दिसले तर फार चांगली बातमी, कारण याचा अर्थ कुठली तरी एकच वस्तू दोन जागी बसते आहे. बहुधा नळीचा सांधा, मागच्या साईटचं पातं, नाहीतर गाल. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम दुरुस्त केल्या आणि ग्रुप सुधारला, तर कशानं सुधारला हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून.

आता साईट. मागचं पातं जिकडे सरकवाल तिकडे छर्रे सरकतात. वर उचललं तर वर, उजवीकडे नेलं तर उजवीकडे. पुढच्या माशीचा हिशेब नेमका उलटा. किती सरकवायचं हे अंदाजपंचे ठरवू नका. माशी आणि खाच यांतलं अंतर मोजा. समजा ते 45 सेंटिमीटर आहे आणि ग्रुपचा मध्य 3 सेंटिमीटर डावीकडे पडतोय. 30 मिलिमीटरला 450 नं गुणायचं आणि 10,000 नं भागायचं, उत्तर येतं 1.35. म्हणजे पातं उजवीकडे जेमतेम सव्वा मिलिमीटरहून थोडं जास्त. एवढ्याशा हालचालीनं छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो, आणि तुम्ही दर वेळी स्क्रूचे किती वेढे फिरवत होता ते आठवा. ग्रुपचा मध्य धरायचा, त्यातला सगळ्यात छान छर्रा नाही.

शेवटी, हे सगळं झाल्यावर रायफल मुलीच्या हातात द्या आणि साईट तिलाच पुन्हा लावू द्या. स्पर्धा उभ्यानं असते. टेबलावर तुम्ही बसून लावलेली साईट तिच्या उभ्या पकडीला लागू पडेलच असं नाही. तिची उंची वेगळी, गालाची जागा वेगळी, डोळा वेगळा. तिचा कुठला डोळा नेमाचा आहे हेही तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठ्यानं दूरचा दिवा झाकायला सांगा, मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्यानं बघताना अंगठा दिव्यावर टिकतो तो नेमाचा. तो डावा निघाला आणि ती उजव्या खांद्यावर रायफल घेत असेल, तर दोष साईटचा नाही. नजर माशीवर ठेवायची, लक्ष्य थोडं अंधूक दिसलं तरी चालेल. छर्रा गेल्यावरही क्षणभर तसंच उभं राहायचं. लगेच रायफल खाली करून ‘कुठे लागला?’ बघायची घाई आपण मोठी माणसं करतो, आणि मुलं आपल्याकडूनच शिकतात. ऑलिंपिकमध्येही मोजायचे शॉट सुरू होण्याआधी तयारी आणि साईटिंगसाठी 15 मिनिटं असतात, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी साईट थोडी फिरवावी लागली तर मुलीनं घाबरायचं कारण नाही. गटाचे नियम आणि तारखा यवतमाळच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आधीच विचारून घ्या. जिल्ह्यातून पुढे अमरावती विभागाची स्पर्धा असते.

गच्चीबद्दल एकच. असा छर्रा दोनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतो आणि डोळा फोडायला तर फारच कमी जोर पुरतो. लक्ष्यामागे जुन्या कापडांनी गच्च ठासलेली पेटी आणि तिच्या मागे जाड लोखंडी पत्रा हवा, नुसती फळी नको. फळीवरून छर्रा उलटा येतो. मारणाऱ्यानं आणि बघणाऱ्यानंही चष्मा लावायचा, आणि शेजारची गच्ची मागे दिसत असेल तर जागाच बदलायची.

प्रश्न : माझ्या स्प्रिंगच्या रायफलवर दुर्बीण बसवली. क्लिक फिरवून थकलो, छर्रा जागचा हलत नाही. दुर्बीण खराब निघाली का?
— एक वाचक, दिग्रस

उत्तर : बहुतेक दुर्बिणींचा एक क्लिक 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर सरकवतो. 10 मीटरवर तोच क्लिक जेमतेम 0.7 मिलिमीटर. तीन सेंटिमीटर सरकवायचे तर चाळीसहून जास्त क्लिक लागतील. आपण चार-पाच फिरवून थांबला असाल. दुसरं, बंदुकीसाठी बनवलेल्या साध्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. 10 मीटरवर डोळा जरासा हलला तरी त्यातली फुली लक्ष्यावरून घसरते. अंतर जुळवता येणारी, एअर रायफलसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या. स्प्रिंगचा तो पुढे येणारा हिसका साध्या दुर्बिणीची काच आतून सैल करतो, कितीही महागाची असली तरी. आणि दुर्बीण मागे सरकतेय का ते पाहा : रिंगच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ मारा, वीस छऱ्यांनंतर रेघ आणि रिंग यांत फट दिसली तर तुमचा चोर तिथेच आहे.

प्रश्न : शेतात रानडुकरं आणि रोही धुडगूस घालतात. परवाना लागत नाही म्हणतात, मग छऱ्याच्या रायफलीनं हाकलले तर चालेल का?
— एक शेतकरी, राळेगाव

उत्तर : नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंत बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे खरं. पण ती सूट रायफल बाळगण्याची आहे, जनावर मारण्याची नव्हे. रानडुक्कर, रोही, ससा, तित्तर, सगळ्यांना 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. आणि अशा रायफलीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, ऊर्जा सात-आठ ज्यूल. डुकराच्या कातडीला तो नुसता चिडवेल, आणि चिडलेलं डुक्कर कापसाच्या ओळीतून सरळ तुमच्याच अंगावर येईल. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभाग देतो. नुकसान दिसताच फोटो काढा आणि वेळ न दवडता तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, म्हणजे पंचनाम्याआधी शेत आवरावं लागणार नाही.